चाप ओढला, आता दम धरा!

बदाम सात असो की ब्रिज, आपल्या ओळखीची पाने मुकाट्याने पडून असतात. बोलायचे ते खेळणाऱ्याने. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ निघाला आणि पानांना तोंड फुटले. बहुतेक पानांवर त्यांचा त्यांचा कायदाच छापलेला! मुले ही पाने विकत घेतात, आपापसांत बदलतात आणि निदान ६० पानांचा आपापला जोड बांधून खेळतात. सुटीत माझे दोन भाचे आले की आमची बैठकीची खोली त्यांचे रणांगण होते, आणि न्यायाधीश मी.

बहुतेक तंटे एकाच जातीच्या कायद्यावरून होतात. ‘जेव्हा’, ‘जेव्हा जेव्हा’ किंवा ‘अमक्याच्या आरंभी’ अशा शब्दांनी सुरू होणारा हा कायदा. इंग्रजीत त्याला ट्रिगर म्हणतात, म्हणजे बंदुकीचा चाप. घटना घडली की चाप ओढला गेलाच. परंतु चाप ओढणे आणि गोळी लागणे यांत थोडा अवकाश असतो, आणि सारी गंमत त्या अवकाशात आहे. जागा झालेला गुण आधी एका चळतीवर जाऊन बसतो. त्यावर दोघांनाही उत्तराची पाने टाकता येतात. मग चळत वरून खाली उलगडते. शेवटी आलेले आधी फळते. १९९९ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ही पद्धत आहे.

‘ऑब्लिव्हियन रिंग’ हे २००७ सालचे पान घ्या. ते पटावर आले की दुसरे एखादे पान हद्दपार करते. ते पटावरून गेले की हद्दपार झालेले परत येते. थोरल्याने ही रिंग टाकून धाकट्याच्या लाडक्या राक्षसावर नेम धरला. धाकट्याने तत्क्षणी ‘डिसएन्चँट’ टाकून रिंगच नष्ट केली आणि टाळी वाजवली.

“मामा, रिंगच गेली! आता माझा राक्षस वाचला ना?”

नाही वाचला. जागा झालेला गुण आपल्या पानावर अवलंबून राहत नाही. पत्र पेटीत पडले, मग लिहिणारा गावी निघून गेला तरी पोस्टमन ते पोचवतोच. आता चळत पाहा. खाली ‘हद्दपार कर’, वर ‘परत आण’. वरचे आधी फळले, पण तेव्हा परत आणायला कोणी गेलेलेच नव्हते. मग खालचे फळले. राक्षस गेला तो कायमचा! धाकट्याने जरा दम धरून, राक्षस गेल्यावर रिंग फोडली असती, तर तो सुखरूप परत आला असता. (डोळ्यांत पाणी आले होते, चकलीने काम भागले.) २०१४ सालच्या ‘बॅनिशिंग लाइट’वर मात्र ‘हे पान पटावर आहे तोवर’ अशा अर्थाचे शब्द आहेत, तिथे अशी घाई अंगाशी येत नाही.

‘जर’ हा शब्द तर फारच सांभाळावा. ‘फेलिडार सॉव्हरिन’ म्हणते: तुमच्या अपकीपच्या आरंभी, जर तुमचे ४० किंवा अधिक प्राण असतील, तर डाव तुमचा. ही अट दोनदा तपासतात, चाप ओढताना आणि फळ देताना. तुमचे ४१ प्राण आहेत, तुम्ही हसत बसला आहात, आणि समोरच्याने मधल्या अवकाशात ‘लाइटनिंग बोल्ट’ मारून ३ कापले. उरले ३८, विजय हुकला. आरंभी ३९ असतील तर चापच ओढला जात नाही, मागाहून कितीही मिळवा.

स्पर्धांत आणखी एक कडकपणा आहे. आपला गुण आपणच लक्षात ठेवायचा. प्रतिस्पर्ध्याने आठवण करून द्यावी असे बंधन नाही. घरी मी ती करून देतो. नियम मोडतो म्हणा हवे तर.

परवा आणखी एक तिढा पडला. जमिनीची पाने सोडली तर खेळात फक्त तीन ऑब्लिव्हियन रिंग. तिसरीने पहिलीला घालवले, म्हणून दुसरी परतली, दुसरीने तिसरीला घालवले, म्हणून पहिली परतली, तिने दुसरीला... कोणालाच हे थांबवता येत नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. मी तसा निकाल दिला आणि चहा टाकायला सांगितला.