कुलूप दुरून उघडेल, पण ट्रॉली कोण तपासणार?

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की मुदखेड, अर्धापूर, भोकर या पट्ट्यात रिकामी ट्रॉली शोधावी लागते. ट्रॅक्टर दारात असतो, पण ट्रॉली नसते. विटा न्यायच्या असतात, सिमेंट आणायचे असते, शेणखत टाकायचे असते. ज्याची ट्रॉली भाड्याने मिळते तो मालक जुम्याच्या नमाजला किंवा एखाद्या लग्नाला गेला की चावी त्याच्या खिशात आणि गिऱ्हाईक त्याच्या दारात ताटकळत.

यावर दुरून उघडणारे कुलूप हा उपाय आहे. ट्रॉलीच्या दांड्याची कडी कुलपाने बंद असते. गिऱ्हाईक मोबाईलवरून भाडे भरतो, त्याला काही आकडे मिळतात, ते दाबले की कुलूप उघडते. ट्रॉली परत आणून लावली की पुन्हा बंद. मालकाने घरातून हलण्याची गरज नाही. आमचे जे बंधू ट्रॉली, मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने देतात त्यांनी ही वस्तू जरूर पाहावी. पण डोळे उघडे ठेवून पाहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आकड्यांचे कुलूप आपल्याला परके नाही. अल-जझरी या मुस्लिम कारागिराने १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या यंत्रांच्या ग्रंथात चार तबकड्यांच्या कुलपाची रचना सांगितली आहे. आज फरक इतकाच की तबकड्यांच्या जागी बॅटरी आणि लहानशी मोटर आली. त्यातही प्रकार आहेत. काही कुलपांना मोबाईलची रेंज लागते, आणि शिवारात रेंजचा भरवसा नसतो. काही कुलपे आतल्या घड्याळावरून ठराविक वेळेपुरताच आकडा मान्य करतात, त्यांना रेंज लागत नाही; आपल्याकडे हीच बरी. दर वेळी एकच खूण पाठवणारा स्वस्त रिमोट मात्र घेऊ नये, कारण ती खूण दुसऱ्या यंत्राने टिपून पुन्हा वाजवता येते. बॅटरी संपल्यावर बाहेरून वीज देण्याची सोय आहे का, हेही विचारून घ्यावे. आणि कुलूप कितीही हुशार असले तरी कोयंडा पातळ पत्र्याचा असेल तर चोर कुलपाला हात लावतच नाही, कोयंडाच कापतो. जाड कोयंडा आणि कडी बसवून देणे हे आपल्या वेल्डिंगवाल्यांचे काम आहे आणि ते कंपनीच्या माणसापेक्षा ते चांगले करतील.

खरा प्रश्न पुढचा आहे. डोळ्यांसमोर माणूस नसताना दिलेली वस्तू सांभाळली जाईल का? पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध भागातून मोबाईलने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. कुलूप चांगले होते, भाडेही किरकोळ होते. तरी सायकलींची मोडतोड झाली, काही चोरीस गेल्या आणि थोड्याच वर्षांत योजना बारगळली. कुलपाने सायकल उघडून दिली, तिच्याकडे लक्ष कोणी दिले नाही.

याउलट अमेरिकेत १९४५ साली यू-हॉल या कंपनीने ट्रेलर भाड्याने देण्यास सुरुवात केली तेव्हा ट्रेलर पेट्रोल पंपांवर ठेवले आणि पंपवाल्याला त्याचे कमिशन दिले. पंपावरचा माणूस ट्रेलर जोडून देई, परत आल्यावर पाही. धंदा त्या माणसावर उभा राहिला. डेन्मार्कमध्ये आज फ्रीट्रेलर नावाची कंपनी मोबाईलने उघडणारे ट्रेलर मोठ्या दुकानांच्या आवारात ठेवते. खर्चाचा वाटा दुकानदार उचलतो, कारण ट्रेलर मिळाला की गिऱ्हाईक मोठा माल घेऊन जातो. आपल्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानदारांनी हे ध्यानात घ्यावे.

ट्रॉली म्हणजे सायकल नव्हे. जोडणीची पिन नीट बसली नाही, साखळी लावली नाही, मागे परावर्तक नाहीत, तर रात्रीच्या रस्त्यावर दुचाकीवाला थेट तिच्यावर जाऊन आदळतो. यातले काहीही कुलपाला दिसत नाही. शिवाय ट्रॉलीची नोंदणी व विमा स्वतंत्र असतो; शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याच्या विटा वाहताना अपघातात सापडली तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई कोणाच्या गळ्यात पडणार?

म्हणून आमचे मत असे की कुलूप बसवावे, पण ट्रॉली ओसाड जागी उभी करू नये. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला किंवा गॅरेजवाला यांच्या दुकानासमोर ठेवावी आणि दर फेरीमागे त्याला ठरलेली रक्कम द्यावी. टायर, पिन, साखळी त्याने पाहावी. गरीब कारागिराला चार पैसे मिळतील आणि ट्रॉली टिकेल.

इजाऱ्याचा शरई नियमही येथे आठवावा. भाड्याने घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याने हयगय किंवा मर्यादेबाहेर वापर केला नसेल तर नुकसान त्याच्यावर लादता येत नाही. मोबाईलवरच्या करारात मात्र बहुतेक वेळा सर्व जबाबदारी गिऱ्हाईकावर टाकलेली असते आणि ते न वाचताच अंगठा दाबला जातो. आपल्या व्यापाऱ्याने असा करार करू नये. जुने टायर फुटले तर मालकाचे, दुप्पट माल भरून दांडा वाकवला तर घेणाऱ्याचे, हे आधीच लिहून ठेवावे. उशीर झाला तर त्या तासांचे भाडे घ्यावे, त्यावर दंड चढवत नेऊ नये.

लिहिणे अवघड नाही. एक छापील पावती पुरे: ट्रॉलीचा नंबर, नेण्याची वेळ, टायरची स्थिती, जास्तीत जास्त वजन, दोघांच्या सह्या. मराठी आणि उर्दू, दोन्हींत छापावी, आणि तिची एक प्रत त्या पंक्चरवाल्याच्या दुकानात खिळ्याला अडकवलेली असावी.