अश्शुरी अक्षरे व आपली मराठी

नातवंडांसाठी या पत्रातील एक पान हिब्रू अक्षरांत मराठी छापावे, ही सूचना ऐकून पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडल्या आहेत. देवनागरी सोडली की मराठी सुटली, असे त्यांचे म्हणणे. शाळेत मराठी शिकविण्यात हयात घालविल्यामुळे आम्हांसही प्रथम तसेच वाटले. आपल्याच लोकांचा इतिहास आठवला, तेव्हा मत पालटले.

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचे सैन्य यरुशलेमेवर चालून आले. त्यांचा अधिकारी रबशाके तटाखाली उभा राहून यहुद्यांच्या भाषेत मोठ्याने बोलू लागला. हिज्कीया राजाच्या कारभाऱ्यांनी त्यास विनविले की, आमच्याशी अरामीत बोला. तटावरच्या लोकांच्या कानी हे पडू नये. म्हणजे त्या काळी अरामी दरबाऱ्यांस समजे, सामान्यांस नव्हे. गंमत अशी की, ती अश्शूरचीही मूळ भाषा नव्हे! अश्शूरने अरामी राज्ये जिंकली, तेथील माणसे उचलून साम्राज्यभर वसविली, आणि जितांची भाषा जेत्यांच्या कचेरीत शिरली. अक्कदी लिहावयास शेकडो खिळ्यांसारखी चिन्हे लागत. अरामीस बावीस अक्षरे पुरत. कारकुनाने कोणती पसंत केली असेल हे सांगावयास नको. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलने यरुशलेम पाडले, पुढे इराणी आले. राज्ये बदलली, कचेरीतील अरामी राहिली.

बंदिवासानंतर आपल्या पूर्वजांनी भाषेबरोबर ही अक्षरेही उचलली. दावीद राजाच्या वंशातील राजांच्या काळची हिब्रू लिपी निराळी होती. आज सेफर तोरा ज्या चौकोनी अक्षरांत लिहितात ती मूळची अरामी, आणि त्यांस 'अश्शुरी' म्हणण्याचा प्रघात अजून आहे. ज्यांनी आपल्या नगराला वेढा घातला, त्यांच्या नावाची अक्षरे! म्हणून तोरेत काही उणे आले काय? काद्दिश तर आपण अरामीतच म्हणतो.

मराठीची गोष्ट फार वेगळी नाही. 'वकील' व 'जमीन' हे शब्द सुलतानांच्या राज्यात फारसीच्या वाटेने आले. 'पगार' व 'चावी' पोर्तुगीजांकडून. लिपीचे म्हणाल, तर पेशव्यांचे दप्तर मोडीत आहे. इंग्रजी अमदानीत छापखाने आले, बाळबोध रूढ झाली, आणि मोडी हळूहळू मागे पडली. आज मोडी वाचता न येणाऱ्यास कोणी अमराठी म्हणत नाही.

येथे आपली मराठी कोणा शत्रूने हिरावलेली नाही. मुलांची शाळा हिब्रूत, सैन्यातील नोकरी हिब्रूत. तसेच असावयास हवे. परंतु आजी बोलते ते ज्या नातवास निदान समजते, त्यास तिचे पत्र वाचता येत नाही. त्याचा कान शाबूत आहे, अडते ते डोळ्यांपाशी. आधी देवनागरी शिक, मग वाच, असा हट्ट धरून आपण त्याला दाराबाहेर किती वर्षे उभा करणार?

अडचण एक खरी. हिब्रूत 'ळ' नाही, 'ण' नाही. पण 'ज' आणि 'च' तरी कोठे होते? गिमेल व त्सादी यांच्या पुढे बारीक टिंबासारखी रेघ देऊन ते लिहितातच. तशीच रेघ लामेदला दिली की 'ळ', नूनला दिली की 'ण'. संपादकांनी समोरच्या पानावर तोच मजकूर देवनागरीत द्यावा, आणि 'बाळ'चे 'बाल' होणार नाही एवढे पाहावे.