मृत्पिंडापासून पाषाणापर्यंत : क्रीडापटूंच्या दुखापती आणि आपले कर्तव्य

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात दीर्घ पल्ल्याचे धावणे व गिरिभ्रमण यांचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. 2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. 2012 पासून साताऱ्याच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरू लागली. सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीच्या गडवाटा तरुणांनी फुलून जातात. याखेरीज आणखी एक मोठा वर्ग आहे, त्याची नोंद क्रीडाजगतात होत नाही. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीसाठी पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारी मुले-मुली हा तो वर्ग होय. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर अंतर ठराविक वेळेत कापावयाचे असते. नडगीच्या दुखण्यामुळे चाचणीचा दिवस हुकला, तर त्यांचे वर्ष वाया जाते आणि वयोमर्यादा जवळ आलेली असल्यास नोकरीची संधीच निसटते.

या सर्वांच्या टाचा, पोटऱ्या, घोटे व गुडघे आज आपल्या चिकित्सालयांत येत आहेत. तालुक्याच्या गावी क्रीडावैद्यक नसतो, वैद्य मात्र असतो. म्हणूनच, या रुग्णांचे आपण नेमके काय करतो हा प्रश्न या अंकाच्या निमित्ताने वैद्यबंधू-भगिनींसमोर आणि औषधी भांडारांच्या चालकांसमोर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सामान्यतः घडते ते असे. रुग्णाला पूर्ण विश्रांती सांगितली जाते. अभ्यंग, स्वेदन, लेप, गुग्गुळकल्प यांची योजना होते. दोन-तीन आठवड्यांत वेदना शमते. रुग्ण आनंदाने पूर्वीइतकेच अंतर धावू लागतो आणि पंधरा दिवसांत त्याच दुखण्यासह परत येतो. दोष औषधाचा नाही. वेदना गेली म्हणजे ऊतीचे बल परत आले, असे आपण गृहीत धरतो, तेथे गफलत होते. कंडरा, स्नायू आणि अस्थी यांची भारवहनक्षमता विश्रांतीने वाढत नाही, उलट घटते. अभ्यंगाने ताठरपणा व वेदना कमी होऊन रुग्णास हालचालीचे धैर्य येते, परंतु दुबळ्या कंडरेला पुन्हा भार पेलण्याची शक्ती केवळ अभ्यंगाने येत नाही. ती शक्ती मापून दिलेल्या भारानेच येते. क्रीडा-भौतिकोपचाराचे, म्हणजे स्पोर्ट्स फिजिओथेरपीचे, सारे शास्त्र या एका सूत्राभोवती उभे आहे.

हे शास्त्रही एका दिवसात सिद्ध झालेले नाही. 1978 साली अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री रूढ केली. 2014 मध्ये मर्किन यांनीच, बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते, असे जाहीरपणे लिहिले. पुढे 2019 मध्ये द्युबोआ व एस्क्युलिए यांनी मांडलेल्या नव्या क्रमात पहिले काही दिवस संरक्षण व दाबपट्टी, त्यानंतर लवकरात लवकर सोसेल तेवढा भार, वेदनारहित हालचाल आणि रुग्णाचे प्रबोधन यांना स्थान मिळाले. शोथशामक गोळ्या सरसकट देऊ नयेत, असेही त्यात सुचविलेले आहे. शोथ ही रोपणाची पहिली पायरी आहे, हे व्रणचिकित्सा शिकलेल्या वैद्यास नव्याने सांगण्याची गरज नाही.

टाचेमागील मोठ्या कंडरेचे उदाहरण पाहू. 1998 साली स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. हाकन आल्फ्रेडसन यांनी या कंडरेच्या जुनाट व्याधीने पीडित अशा 15 हौशी धावपटूंना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली उतरवावयाची, वर येताना निरोगी पायाचे साहाय्य घ्यावयाचे. गुडघा सरळ ठेवून 15 आवर्तनांचे तीन संच आणि गुडघा किंचित वाकवून तितकेच, असे दिवसातून दोनदा. म्हणजे रोज 180 आवर्तने, तीही सलग 12 आठवडे. व्यायाम सोपा वाटू लागला की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवावयाचे. बारा आठवड्यांच्या अखेरीस ते सर्व पंधरा जण पूर्वीप्रमाणे धावू लागले होते. हा प्रयोग लहान होता, त्यातील तुलना सदोष होती आणि पुढे इतर पद्धतीही तितक्याच उपयुक्त ठरल्या. तथापि कंडरेला विश्रांतीपेक्षा भाराची गरज आहे, हा त्यातील मूळ बोध टिकून राहिला.

हा विचार आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तळहाताच्या भग्नाची चिकित्सा सांगताना हात समस्थितीत बांधणे व आमतैलाचा परिषेक यांवर विषय संपविलेला नाही. त्यानंतर रुग्णाने हातात प्रथम मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा धरावा आणि हातात बळ आल्यावर पाषाण धरावा, असा क्रम ते देतात. याच अध्यायात भग्नरुग्णास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. म्हणजे सांधण्याच्या काळात निषेध आणि बलप्राप्तीच्या काळात क्रमाक्रमाने भार, अशा दोन अवस्था आचार्यांनी स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. संधी स्थिर होण्यास तरुण वयात एक मास लागत असेल तर मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट काळ लागतो, हेही त्यांनीच सांगून ठेवले. आजचा भौतिकोपचारतज्ज्ञ काळ, वय व बल पाहून भार ठरवितो, तेव्हा तो याच मार्गाने चाललेला असतो. आपण मात्र तैलाचा परिषेक जपला आणि मृत्पिंड विसरलो.

भाराचे माप कसे घ्यावयाचे, याचाही व्यवहार्य नियम आज उपलब्ध आहे. कंडरेच्या दुखण्यात व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत वेदना चालू शकते, मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. सकाळचा ताठरपणा वाढला तर आदल्या दिवशीचा भार अधिक झाला असे समजून तो कमी करावा. वाग्भटांनी बलवानासही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीपर्यंतच व्यायाम सांगितला आणि अतिव्यायाम करणाऱ्यास हत्तीला ओढणाऱ्या सिंहाची उपमा दिली. तोच संयम येथे अभिप्रेत आहे.

याचा अर्थ प्रत्येक दुखऱ्या पायास व्यायाम द्यावा, असा मुळीच नाही. उंचसखल जागी पाऊल वाकडे पडून होणारा वातकंटक आपण जाणतो. गड उतरताना मुरगळलेला घोटा हे त्याचे नित्य दिसणारे रूप. परंतु घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागील कडेवर, पावलाच्या बाहेरील उंचवट्यावर किंवा आतील बाजूच्या नौकाकृती अस्थीवर दाबल्यास वेदना होत असेल, किंवा रुग्णास चार पावलेही टाकता येत नसतील, तर लेपापूर्वी क्ष-किरण चित्र काढणे आवश्यक आहे. अकस्मात धावणे वाढविलेल्या मुलाच्या नडगीवर बोटभर जागी तीव्र स्पर्शासह्यता व रात्री दुखणे असेल, तर तो ताणजन्य अस्थिभंग असू शकतो. अशा भंगात पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसणे संभवते, म्हणून चित्र निर्दोष असले तरी धावणे थांबविलेच पाहिजे. धावपटूच्या जांघेतील वेदना ही खुब्याच्या अस्थिग्रीवेच्या भंगाची सूचना असू शकते. तिथे विलंब झाल्यास अस्थी सरकून कायमचे वैकल्य येते. एका पोटरीस सूज, उष्णता व वेदना असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही याची खात्री होईपर्यंत मर्दन करू नये. अतिश्रमानंतर मूत्र काळसर तपकिरी झाल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात धाडावे. मासिक पाळी बंद झालेल्या, कृश, वारंवार अस्थिभंग होणाऱ्या धावपटू मुलीस आधी पुरेसे अन्न हवे असते. औषध त्यानंतर.

आपला भौतिकोपचारतज्ज्ञांशी असलेला व्यवहार मात्र अजूनही संशयाचा आहे. रुग्ण हातचा जाईल, ही भीती आपल्याकडे आहे. वैद्याने तेल चोळून काळ घालविला, ही तक्रार त्यांच्याकडे आहे. दोन्ही बाजूंत थोडेफार तथ्य असले, तरी त्यात भरडला जातो तो रुग्ण. 2021 च्या कायद्याने भौतिकोपचारासह संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. तेव्हा नोंदणीकृत, शिक्षित तज्ज्ञ कोण हे ओळखणे आता कठीण राहू नये. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास साधारणतः किमान नऊ महिने लागतात आणि दुखावलेल्या पायाचे मांडीचे बळ निरोगी पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यावे अशी अपेक्षा असते. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे हा 3000 मीटर अडथळा शर्यतीतील आपला श्रेष्ठ धावपटू. 2025 च्या जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत त्याच्या गुडघ्यास अशीच इजा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. अशा पुनर्वसनात बळाचे मापन, उडीची चाचणी, धावण्याच्या ढबीचे परीक्षण ही कामे त्यासाठी शिकलेल्याच व्यक्तीने करावीत. ती आपण करतो असा आव आणण्यात भूषण नाही.

आपल्या वाट्यास उरते ते काम लहान नाही. आहार, अग्नी, निद्रा व मनोबल यांचा विचार, स्नेहन-स्वेदनाने व्यायामपूर्व सिद्धता, जुनाट टाचदुखीत योग्य रुग्ण निवडून अग्निकर्म आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बारा आठवडे रुग्णाचा धीर टिकविणे. गावातील वैद्याचा शब्द घरात मानला जातो. व्यायाम अर्धवट सोडणाऱ्या मुलास तो शब्द पुन्हा पायरीवर उभा करू शकतो.

औषधी भांडारांच्या चालकांना आमचे स्वतंत्र सांगणे आहे. स्पर्धक खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळले, तर ते कोठून आले याची सबब न चालता दोष त्याच्यावरच येतो. भारतात 2022 च्या कायद्याने या नियमांना वैधानिक बळ मिळाले आहे. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे द्रव्य स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचा विजेता थॉमस हिक्स यास धावताना हेच द्रव्य ब्रँडीसोबत दिले गेले होते आणि तो शर्यतीअखेर कोसळला होता. आपल्याकडे वातविकारांवर नित्य दिली जाणारी विषतिंदुक वटी, तसेच अग्नितुंडी वटी यांत कुचला आहे. सोमलतेतील एफेड्रिनही मूत्रात ठरलेल्या मर्यादेपलीकडे आढळल्यास स्पर्धाकाळात निषिद्ध ठरते. तेव्हा गुडघेदुखीचे औषध मागणाऱ्या तरुणास ‘स्पर्धेत उतरणार आहात काय’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय भांडाराच्या गल्ल्यावर लागली पाहिजे. कुचला अनुसूची ई-1 मधील द्रव्य आहे आणि ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते, हेही स्मरणात असावे.

याहून घातक आहेत त्या घटकद्रव्यांची यादी नसलेल्या, सांधेदुखीवर ‘तात्काळ गुण’ देणाऱ्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. स्टेरॉइड कंडरेला दुबळे करते आणि वेदना झाकते. ज्या कंडरेला दुखून थांबावयाचे असते ती न थांबता तुटते. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम 161 नुसार घटकांची खरी यादी वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. यादी नसलेला माल भांडारात ठेवू नये, मग त्यावर नफा कितीही मिळो. त्या पुडीने आयुर्वेदाची जी बदनामी होते, ती शंभर प्रामाणिक वैद्यांच्या श्रमांनीही भरून निघत नाही.

आम्ही संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेस तीन गोष्टी सुचवितो. आपल्या परिसरातील नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञांची सूची करून ती सभासदांना द्यावी. वर्षातून एकदा, शक्यतो हिवाळी स्पर्धांच्या आधी, संयुक्त चर्चासत्र घ्यावे आणि त्यात वर सांगितलेली धोक्याची लक्षणे प्रात्यक्षिकासह शिकवावीत. स्पर्धक खेळाडूंना देऊ नयेत अशा कल्पांचा तक्ता तज्ज्ञांकडून तपासून घेऊन प्रत्येक भांडारात लावावा. यासाठी शासकीय अनुदानाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

रुग्णाने पुन्हा धावावे, गड चढावा, भरतीच्या मैदानावर वेळेत पोहोचावे, हेच चिकित्सेचे फळ होय. ते कोणाच्या हातून मिळाले याचा हिशेब रुग्ण ठेवीत नाही, आपणही ठेवू नये. तेल आपण द्यावे, मातीचा गोळा केव्हा व पाषाण केव्हा हे जाणत्यास विचारावे, आणि दोहोंच्या मध्ये रुग्ण एकटा पडणार नाही, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही नम्र विनंती.