पगार लपवून असंतोष जात नाही

‘जाहिरातीत पगार नकोच’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. आकडे छापले की जुने कर्मचारी बिथरतात, असे पत्रलेखक उद्योजक म्हणतात. ते बिथरतात, कारण नव्या माणसाला त्यांच्यापेक्षा जास्त देऊ केलेले असते. दुखणे त्या तफावतीत आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 1 जानेवारी 2021 पासून जाहिरातीत पगाराची मर्यादा देणे सक्तीचे केले. तेव्हा घरून करायच्या कामांसाठी ‘कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये’ असे काही कंपन्यांनी चक्क छापले. तरीही 2023 मध्ये कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन ही राज्ये त्याच वाटेने गेली. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार तर उमेदवाराला आधीचा पगार विचारताच येत नाही.

मला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे फोनवर पहिला प्रश्न असतो, ‘सध्याचा सीटीसी किती?’ मग सॅलरी स्लिप मागतात. माझ्या भाचीने बाळंतपणानंतर मिळेल त्या पगारावर काम धरले. पुढच्या दोन्ही कंपन्यांनी त्यावरच काही टक्के वाढवून दिले. तिच्या कामाची किंमत कुणी केलीच नाही.

लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जाहिरातीत 19,900 ते 63,200 रुपये असे स्वच्छ लिहिलेले असते. खासगी कंपनीने ‘अनुभवानुसार’ या शब्दावर का भागवावे? मात्र तीस हजार ते तीन लाख असली मर्यादा चालू नये. न्यूयॉर्क शहराचा कायदा प्रामाणिक अंदाज मागतो. तसे कलम आपल्याकडेही हवे.

— एक वाचक, ठाणे