मागूर माशाची भूक आणि आपली

ओपीडीत वजनकाट्याने नव्वदी ओलांडली की पेशंटआधी सोबतचा माणूस बोलतो, ‘‘डॉक्टर, हिचं तोंडावर नियंत्रणच नाही.’’ बाई मान खाली घालते. मीही कैक वर्षे ‘भात कमी, फिरणे जास्त’ एवढेच लिहून देत आलो. आता त्याची लाज वाटते.

कारण यावरचे काम आपल्या शेजारीच चालले होते. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार यांनी मेंदूतील पेशी आणि भूक यांचे नाते वर्षानुवर्षे तपासले. पुढे ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले. त्यांचा एक सोबती म्हणजे मागूर मासा! मेंदूतील काही पेशी ‘कार्ट’ नावाचे पेप्टाइड तयार करतात. त्याने उंदरांचे खाणे घटते, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले होते. सुभेदार आणि सहकाऱ्यांना दिसले, की मासा उपाशी राहिला की त्याच्या मेंदूतील कार्ट कमी होते, ग्लुकोज मिळाले की वाढते. म्हणजे पोट भरल्याची वर्दी घेणारी ही व्यवस्था माणसापेक्षा कितीतरी जुनी आहे.

भुकेचे केंद्र मेंदूत आहे, ही गोष्टही नवी नाही. 1951 मध्ये डॉ. बाळकृष्ण आनंद यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासोबत उंदराच्या हायपोथॅलॅमसचा बाजूचा बारीकसा भाग निकामी केला. समोर अन्न असूनही उंदीर खाईना. हेच आनंद पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

1994 मध्ये लेप्टिन सापडले. चरबीच्या पेशी त्यातून मेंदूला साठ्याची खबर देतात. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू ते पुरेसे ऐकत नाही. उपास करून वजन उतरवले की लेप्टिन घसरते, मेंदूला दुष्काळ पडल्यासारखे वाटते. तो भूक वाढवतो आणि खर्च आवरतो. सहा महिन्यांत उतरलेले दहा किलो परत येतात ते यामुळे. घरचे मात्र गिलावड्याला आणि कचोरीला दोष देतात. (त्या दोघांना अगदीच निर्दोष सोडा, असेही मी म्हणत नाही.)

भुकेच्या याच यंत्रणेवर काम करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने 2025 पासून वजनासाठी भारतात मिळू लागली. लग्नाआधी बारीक दिसायला ती मागणारे भेटतात. ज्यांना खरी गरज आहे त्यांना महिन्याचा खर्च झेपत नाही, आणि औषध थांबले की वजन बहुधा परतते.

त्या बाईंची जुनी कागदे चाळली. दोन वर्षांपासून ओलान्झापीन सुरू होते. मनाच्या आजारावरचे चांगले औषध, पण मेंदूतील भुकेला चाळवणारे. वजन तेव्हापासूनच वाढत गेले होते. गोळी स्वतःहून बंद करू नका, असे त्यांना बजावले, पर्यायी औषधासाठी मानसोपचार विभागाला चिठ्ठी लिहिली, आणि नवऱ्याला ते कागद वाचून दाखवले.