इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत आणि नगरचा कामगार

इलेक्ट्रिक कार हा श्रीमंतांचा विषय आहे, आपल्याला त्याचे काय, असे कार्यकर्त्यांच्या बैठकीत आम्ही अनेकदा ऐकतो. कार विकत घेण्यापुरते ते खरे असेल. पण कार बनवणे हा आपलाही विषय आहे. सुपा आणि नागापूरच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांत आपल्या वस्तीतली कितीतरी मुले असतात आणि त्यातली बरीच कंत्राटी असतात. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेचा झटका सर्वात आधी त्यांनाच बसतो.

स्पर्धा नेमकी कशाची?

काही वर्षांपूर्वी देशात विकल्या जाणाऱ्या दहा इलेक्ट्रिक कारपैकी सातहून अधिक टाटांच्या असत. नगर रस्त्यावरच्या रांजणगावच्या कारखान्यातूनच नेक्सॉन ईव्ही बाहेर पडली. आज टाटांचा वाटा निम्म्याच्याही खाली आला आहे. सप्टेंबर 2024 मध्ये एमजीने विंडसर आणली आणि बॅटरीचे भाडे वेगळे लावून गाडीची किंमत 9.99 लाखांवर ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महिंद्राने चाकणमध्ये तयार होणाऱ्या दोन नव्या गाड्या जाहीर केल्या. जुलै 2025 मध्ये टेस्लाने मुंबईत दुकान उघडले, पण गाडी आयात केलेली असल्याने तिची किंमत 60 लाखांच्या घरात गेली. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक गाड्यांवर आधीपासूनच 5 टक्के आहे. म्हणजे करातला फरक कमी झाला आणि किंमत उतरवण्याचा दबाव वाढला.

किंमत उतरवायची तर कुठून? गाडीतली सर्वात महाग वस्तू म्हणजे बॅटरी, आणि बॅटरीचा जीव म्हणजे लिथियम सेल. हे सेल आजही मुख्यतः चीनमधून येतात. देशात सेल बनावेत म्हणून केंद्राने 2021 मध्ये 18,100 कोटींची योजना मंजूर केली, पण काम फारच संथ चालले आहे. 2025 मध्ये टेस्लाला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळवणारी चीनची बीवायडी कंपनी मुळात बॅटरी बनवणारी. ती स्वतःचे सेल स्वतः बनवते, म्हणून तिला किंमत कमी ठेवता येते.

मोटारीतल्या चुंबकांचीही तीच गत. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांतच पुण्याच्या बजाजला चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये केंद्राने चुंबकांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, इतकेच.

नगर कुठे आहे?

नगर या नकाशावर नाही असे कोणी समजू नये. ज्या कायनेटिकच्या लुनाने एका पिढीला चाके दिली, तिचा ई-लुना हा इलेक्ट्रिक अवतार फेब्रुवारी 2024 मध्ये आला आणि तो इथेच तयार होतो. तिच्या सांगाड्याचे वेल्डिंगही नगरमध्ये होते. वाहनांना रस्त्यावर येण्याआधी चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, नगरलाच आहे.

एक्साईडचा बॅटरी कारखानाही नगरमध्ये आहे. पण तो शिशाच्या बॅटरीचा. त्याच एक्साईडने लिथियम सेलचा नवा कारखाना बंगळूरजवळ उभारायला घेतला. आमच्या मते नगरच्या प्रश्नाचे सार या एका उदाहरणात आहे. जुने काम इथे आहे, नवे काम दुसरीकडे चालले आहे.

इलेक्ट्रिक गाडीला पिस्टन, क्लच, सायलेन्सर लागत नाहीत. गिअरही फार कमी लागतात. असे सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉप मोठ्या कंपनीच्या ऑर्डरवर जगतात. वर किमतीची लढाई पेटली की खाली भागांचे दर कापले जातात, आणि वर्कशॉपचा मालक सर्वात आधी कंत्राटी मुलांना घरी बसवतो.

कायदा कोणाच्या बाजूने?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. पूर्वी 100 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची. आता ही मर्यादा 300 वर गेली आहे. सुटे भाग बनवणारे मधल्या आकाराचे कारखाने यातून मोकळे झाले. मात्र याच संहितांमध्ये दोन गोष्टी कामगाराच्या उपयोगाच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. आणि कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात नवे कौशल्य शिकण्यासाठी मालकाने भरलेली 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम जमा व्हायला हवी. ती पुरेशी नाही, पण हक्काची आहे. ज्याच्याकडे नेमणूकपत्रच नाही, तो हा हक्क कशाच्या जोरावर मागणार?

आपण काय करायचे?

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूर खात्याचे मंत्री होते. युद्धाच्या कारखान्यांना कुशल हात हवे होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याने चालवली. यंत्र बदलले की कामगाराला शिकवण्याची जबाबदारी सरकारची, ही भूमिका आजही तितकीच लागू आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे तीन गोष्टींचे. एक, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मंजूर आहे. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये तो आहे का, जागा किती, शिकवणारा आहे का, हे जाऊन विचारा. नसेल तर निवेदन द्या आणि पाठपुरावा करा. दोन, वस्तीतल्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीकडे नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि पीएफ क्रमांक आहे का, याची यादी करा. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच, त्याच फेरीत हेही होईल. तीन, आमदार-खासदार नव्या एमआयडीसीच्या घोषणा करतात तेव्हा किती एकर हे विचारू नका. तिथे सेल बनणार की नुसती जुळणी होणार आणि स्थानिक मुलांना कायम नोकरी मिळणार का, हे विचारा.

या शर्यतीत टाटा जिंको, महिंद्रा जिंको की एमजी, गाडीचे नट आवळणारा हात कोणाचा तरी असणारच. तो हात आपल्या मुलांचा असेल, तर तो शिकलेला आणि कागदावर नोंदलेला असला पाहिजे.