टीईटीच्या पुढे काय?

शिक्षक घडवण्याबाबत दिल्लीने स्वातंत्र्यानंतर जे बदल केले, त्यातले बहुतेक नोकरीच्या उंबरठ्याअलीकडचे आहेत. १९९३चा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा, शिक्षणहक्क कायद्यापाठोपाठ आलेली शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), २०१५पासून दोन वर्षांचे झालेले बीएड आणि आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली चार वर्षांची एकात्मिक पदवी. दर वेळी चाळणी तेवढी बारीक झाली. ठळक अपवाद १९८६च्या धोरणाचा. रुजू झालेल्या शिक्षकाला जिल्ह्यातच आधार हवा, हे ओळखून त्याने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, उभ्या केल्या. सोलापूरची डाएट माळशिरस तालुक्यात, वेळापूरला आहे. तिची गरज मात्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अक्कलकोटकडे जास्त जाणवते. तिथल्या सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत येते. सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरची बोली तेलुगू. पहिलीतल्या पोराने पाण्याला ‘नीरू’ म्हटले तर लगेच टोकायचे की त्याच शब्दावरून मराठीकडे न्यायचे, हे टीईटीचे पर्याय रंगवून शिकता येत नाही. तो वर्ग पाहिलेल्या माणसाबरोबर बसून ते ठरवावे लागते. वेळापूरहून अक्कलकोट शंभर किलोमीटरच्या पुढे. एवढ्या अंतरावर वर्षाकाठी एखादे प्रशिक्षण उरकणे सोपे, वर्गात जाऊन बसणे अवघड.

मग चाळणी नकोच का? हवी. महाराष्ट्रातल्या २९१ डीएड महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच शिक्षक-शिक्षणाबाबतचा न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला, हे विसरून चालणार नाही. पण त्या मान्यता राज्य सरकारचा विरोध डावलून चाळणीच्या रखवालदारानेच, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनेच दिल्या होत्या! दुसरा आक्षेप याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचा दाखला देऊन घेतला जातो: शिक्षक तळमळीचा असला की व्यवस्था लागत नाही. त्यांना २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ही जिल्ह्याची शान खरीच. पण धोरण आखायचे ते अशा एखाद्यासाठी नाही, बाकीच्या हजारोंसाठी. त्यांच्यापुढेही आता चाळणी आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी सक्तीची केली आहे. पण २०२०चे धोरण शिक्षकाच्या वर्षाला पन्नास तासांच्या प्रशिक्षणाविषयीही बोलते. अक्कलकोटच्या वाट्याचे तास केंद्रशाळेतल्या शिक्षण परिषदेत, डाएटच्या कन्नड जाणणाऱ्या अधिव्याख्यात्यासमोर भरावेत आणि त्याची नेमणूक अक्कलकोटलाच व्हावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पद मंजूर करून भरावे लागते.